कंपनीचा सॉस

नागपूरच्या विमानतळावर, काचेच्या दारापाशी, आईने मला बॅग पुन्हा उघडायला लावली आणि स्वेटरांच्या मध्ये सॉसची नवी सीलबंद बाटली खुपसली. "तुले कंपनीचाच लागते," ती म्हणाली. मी मान डोलावली. मला तो नको होता. मला तिच्या हातचा हवा होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

आमच्या प्रताप नगरच्या घरात सगळेच सॉसवेडे. बाबा उपासाच्या साबुदाण्यावर सॉस घेत आणि उपास मोडला नाही असं छातीठोकपणे सांगत. दादा तो पोळीला फासून गुंडाळी करी. केचप म्हणणारं घरात कोणी नव्हतं. सॉस म्हणजे सॉस, आणि त्याच्या जाती दोन, घरचा आणि कंपनीचा. आई घरी करायची. पहिलीत असताना मी पाहुण्यांसमोर ताट सरकवून म्हटलं, "हा नको, कंपनीचा दे." आई हसली. त्यानंतर टेबलावर कंपनीचीच बाटली दिसू लागली आणि मी बोटं चाटून खाऊ लागले.

चौथीत एकदा शाळा लवकर सुटली. हिवाळ्यातली कोवळी दुपार होती, घरभर लवंगेचा वास होता. स्वयंपाकघरात आई कंपनीच्या रिकाम्या बाटलीला नरसाळं लावून स्वतः केलेला सॉस ओतत होती. लेबलावर थेंब पडू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. मी आवाज न करता मागे फिरले आणि अंगणातलं फाटक मुद्दाम आपटलं. आत आले तेव्हा ओटा पुसलेला होता. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. ती अजूनही वाटते.

इथे मेलबर्नमध्ये त्याला टोमॅटो सॉसच म्हणतात. पहिल्यांदा दुकानात तो शब्द कानावर पडला तेव्हा आपल्या गल्लीतलं कोणीतरी बोलतंय असं वाटून मी वळून पाहिलं. मी कितीतरी बाटल्या आणल्या. सगळ्या चांगल्या होत्या. रविवारी दुपारी सोफ्यावर डोळा लागतो, झोपेत लवंगेचा वास येतो, आणि जाग येते तेव्हा बाहेर ट्रॅम वळत असते. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कंपनीची बाटली पाठवत राहिली, आणि मी फोनवर "छान आहे" म्हणत राहिले. तुम्हीही दूर गेला असाल, तर असं एखादं "छान आहे" तुमच्याकडेही असेल.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "शेजारची पोरगी तिकडं येऊन राहिली. मोठी बाटली देऊ का वं?"

"आई, कंपनीचा नको. तू दुपारी गुपचूप भरायचीस, तो दे."

पलीकडे तिने पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"तुले मालूम होतं?"

"चौथीपासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू इतक्या मनानं लपवत होतीस. आणि तो मला आवडायचा, आई. तुझाच आवडायचा."

ती नाक ओढत हसली. "मले वाटे, समजलं तं तू खायची नाही." मग म्हणाली, "आता नाही होत वं माह्यानं. मनगट दुखते, घोटल्या जात नाही. तू ये. मी सांगतो, तू घोट."

जानेवारीचं तिकीट काढलंय. घर कुठलं असं कोणी विचारलं, तर आजवर मी पत्ता सांगायची. आता वाटतं, घर म्हणजे ती एक बाई, जिला खरं सांगायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि जी ते ऐकून फक्त "ये" म्हणाली.