शेवटच्या घराचं नेट

केबलच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात. वायरीचे तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र कोणी नेत नाही. ते माझ्याकडेच पडून आहेत. म्हटलं, तुम्हाला सांगून थोडी जागा रिकामी करावी!

आमचं ऑफिस गारखेड्यात, पिठाच्या गिरणीच्या वर. कीबोर्डावर कायम पिठाचा थर. मी तिथला तक्रारी लिहून घेणारा, आणि त्या मिटवायला शिडी घेऊन पळणाराही मीच. मालकीण शोभाताई. माहेर फर्दापूरकडचं, शेतकरी घर. नवरा गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, केबलचा धंदा विकून टाका. ताई म्हणाल्या, "इकून काय करू? घरात बसून टीव्ही बघू? त्याला बी केबल लागतीच की!" आणि ऑफिसला येऊन बसल्या, त्या आजतागायत.

मला ही बाई मनापासून आवडते. त्यांच्यासमोर मी हे कधी बोलणार नाही, आधीच त्यांचा आवाज काय कमी आहे का!

*

गिऱ्हाईक जिना चढून आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "नेट केबलवरचं घ्यावं की टेलिफोनच्या तारेवरचं?"

फायबर येणार, येणार म्हणून आमच्या भागातले रस्ते किती वेळा उकरले गेले ते विचारू नका. आमच्या गल्ल्यांत अजून तरी ह्याच दोन तारा आहेत. दुसरा कोणी मालक असता तर टेलिफोनला नावं ठेवून पावती फाडली असती. ताई आधी विचारतात, "घर कुठं हाय तुमचं?" घर टेलिफोन एक्स्चेंजच्या जवळ निघालं की सरळ सांगतात, "मग फोनचंच घ्या. जवळच्याला त्यांचं झ्याक चालतं. लांब गेलं की दमतं ते."

एकदा न राहवून मी म्हणालो, "ताई, आपण इथं गिऱ्हाईकं हाकलायला बसलोय का?"

"देशपांडे, आज त्याला आपलं गळ्यात मारलं, तर उद्या शिव्या कोण खाईल?"

"मी."

"मग! तुमच्यासाठीच करायलेय की मी हे!"

त्याच दिवशी एक टाय लावलेले गृहस्थ आले. नव्या फ्लॅटसाठी कनेक्शन हवं होतं. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी विचारलं, "मॅक्झिमम स्पीड किती मिळेल?"

ताई म्हणाल्या, "जायचं कुठं हाय तुमाला?"

गृहस्थ गडबडले. मग म्हणाले, बायको सिरियल बघते आणि मी मेल बघतो. ताईंनी सगळ्यात छोटा प्लॅन दिला. ते अजून आमचे गिऱ्हाईक आहेत, आणि दिवाळीला न चुकता चिवडा पाठवतात.

*

माझा आतेभाऊ विवेक टेलिफोन खात्यात आहे. आजोबा पौरोहित्य करायचे, त्यांच्यानंतर घराणं बँकांत आणि कॉलेजांत पांगलं. तारेवरचे आम्ही दोघंच. त्यामुळे लग्नकार्यात अक्षता पडल्या रे पडल्या की आमच्याभोवती गर्दी. "कुठलं घेऊ रे? केबल का फोन?"

तुम्हाला वाटेल, आम्ही आपापलं खपवत असू. छे! मी म्हणतो, "विवेककडचं घ्या." विवेक म्हणतो, "ह्याच्याकडचं घ्या." पोरं किती निःस्वार्थी आहेत म्हणून सगळे कौतुक करतात. खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत. नातेवाइकाला दिलेलं कनेक्शन बिघडतंच, आणि आपण ताटावर बसलो की त्याचा फोन येतोच!

नंदाकाकूंनी मात्र आम्हा दोघांचाही मान राखला. त्यांनी दोन्ही कनेक्शनं घेतली. आता आम्ही दोघंही जेवताना उठतो.

*

विवेकचा शत्रू जमिनीखाली असतो. पाण्याच्या नव्या पाइपसाठी जेसीबी लागला की फोनची केबल गेलीच म्हणून समजा. आमचा शत्रू आभाळात. संक्रांत आली की पतंगाचा मांजा आमच्या तारेत, आणि तो ओढायला निम्मी वस्ती गच्चीवर.

एका संक्रांतीला दोन्ही शत्रू एकाच चौकात आले. मी खांबावर, विवेक बरोबर माझ्या खाली खड्ड्यात.

"वर कसं काय?" त्यानं खालून विचारलं.

"वारा छान आहे. तुझं?"

"गुडघाभर चिखल."

तेवढ्यात आमचे जुने गिऱ्हाईक, रिक्षावाले सलीमभाई, थांबले. आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाले, "वा रे भाईलोगां! एक कू आसमान दिये, एक कू जमीन दिये. और बीच की सारी पब्लिक ऑफलाइन!"

*

आता मोरेकाका. चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. आमची केबल ज्या गल्लीत मुख्य रस्त्यावरून शिरते, त्या गल्लीतलं त्यांचं घर अगदी शेवटचं. एके सकाळी ते काकूंना घेऊन जिना चढून आले आणि म्हणाले, "आमचं कनेक्शन बंद करा. टेलिफोनचं घ्यावं म्हणतो."

"काय झालं काका?"

"संध्याकाळी आठला लेकीशी बोलायला बसलं की चित्र अडकतं."

हे मला नवीन नाही. सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं. "व्हिडिओ बंद करून बोलायचं काका. आवाज एकदम क्लिअर येतो!"

काकांनी काकूंकडे बघितलं. "आमच्या सायलीला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आम्ही हातांनी बोलतो."

मी दोघांना खुर्च्या पुढे केल्या.

सायलीला पुण्यात नोकरी लागली होती, तिच्या आवडीची, डिझाइनची. कामावरून हॉस्टेलला यायची, आठ वाजता आईवडिलांशी बोलायची, की मेसला जेवायला पळायची. आदल्या दिवशी ती काहीतरी सांगत होती. हात वर गेला आणि चित्र तिथंच थांबलं. काकू त्या थांबलेल्या हाताकडे बघत बसल्या.

"लिहून पाठवत नाही का ती?" ताईंनी विचारलं. आवाज नेहमीच्या निम्मा.

"पाठवती की," काकू म्हणाल्या. "पण लिहिल्यात ती हसती का रडती, ते दिसत नाय."

मोबाइलवरचं नेट त्यांच्या घरात येतच नव्हतं, मागे पाण्याची उंच टाकी. काका उठता उठता म्हणाले, "ही म्हणते, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर सायलीला परत बोलवायचं. नोकरी सोडून." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पोरीनं ती नोकरी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

*

ताईंनी त्यांच्यासमोरच विवेकला फोन लावला. "विवेकराव, आमचं एक गिऱ्हाईक घ्या. आन् नीट चाललं नाय, तर तुमच्या खड्ड्यात येऊन भांडीन!"

विवेकनं त्याच आठवड्यात फोनची तार ओढली. आठ वाजता आम्ही सगळे मोरेकाकांच्या पुढच्या खोलीत. चित्र लागलं. सायली स्वच्छ दिसायला लागली, तिच्या कानातले डूलसुद्धा दिसले. काकूंचे हात भराभर चालू झाले. पण सायली नुसती डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं मान हलवली. तिला आईवडील म्हणजे दोन धुरकट ठिपके दिसत होते!

विवेकचा चेहरा उतरला. "एक्स्चेंज लांब पडतंय काकू. ह्या तारेवर इकडे येणाऱ्याला जागा आहे, इकडून जाणाऱ्याला फार थोडी. बघायला पुरतं, दाखवायला पुरत नाही."

काकू म्हणाल्या, "म्हंजे तिचं आम्ही ऐकायचं, आन् आमचं तिनं ऐकायचं नाय. लगीन झाल्यावर व्हतंच ते, आत्तापासून कशाला!"

सगळे हसले. काकूही हसल्या, आणि पदरानं डोळे पुसून आत चहा टाकायला गेल्या.

*

म्हणजे परत केबल. केबलवर इकडूनही नीट दिसतं, तिकडूनही. पण संध्याकाळी अडकतं. का अडकतं, ते समजावायला ताई स्वतः काकांकडे गेल्या, आणि त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं होतं.

आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवसामागून दिवस वाट बघायची, आणि आलं की कामधंदा सोडून पाइप धरून उभं राहायचं. अख्खी गल्ली बाहेर होती. ताईंनी काकांच्या फाटकाशी उभं राहून समजावायला सुरुवात केली, आणि ताईंनी एकाला समजावलं की चौकापर्यंत कळतं.

"केबल म्हंजे हा तुमचा नळच समजा काका. गल्लीला पाइप एकच. आठ वाजता समदे एकदम ओढायला लागले, की शेवटच्या घरी नुसती हवा!"

गल्लीच्या पहिल्या घरात सुमनमावशी राहतात. गल्लीत पाण्याची सगळी सत्ता त्यांच्याकडे. कमरेला पदर खोचून त्या तरातरा आल्या. "ओ केबलवाल्या बाई! आमच्या गल्लीत तसलं काय चालत नाय! इथं आधी शेवटच्या घराचं भरतं. त्यांचं भरलं म्हणून निरोप आला, की मग बाकीच्यांनी मोटर लावायची. इचारा कुणालाबी!"

खरंच तसं होतं. सगळ्यांच्या मोटरी नळाशेजारी ठेवलेल्या, एकही चालू नव्हती. इतक्या गल्ल्यांत शिड्या लावल्या, पण असं मी कुठं पाहिलं नव्हतं.

"पाण्याचं खरं हाय मावशी," ताई म्हणाल्या. "पण नेटला कोण थांबतंय? आठला निम्म्या गल्लीची मॅच, निम्म्या गल्लीची सिरियल."

मावशींनी एकदा शेवटच्या घराकडे बघितलं. मग त्या वळून आपल्या घराकडे गेल्या.

परतताना ताईंनी मला स्कूटीवरूनच सांगितलं, त्या गल्लीचं नेट वाढवणारं वेगळं मशीन मागवा. मी फोन केला. मशीन महिनाअखेरच्या आत येत नव्हतं.

*

आणि मग तो मॅचचा दिवस. हल्ली सगळं पब्लिक मॅच नेटवरच बघतं, त्यामुळे मॅचच्या संध्याकाळी आम्ही ऑफिस सोडत नाही. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक घराचा एक ठिपका असतो. चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल.

आठ वाजायला आले आणि मोरेकाकांच्या गल्लीतले ठिपके लाल व्हायला लागले. एक, मग शेजारचा, मग भराभर सगळेच!

"तार तुटली!" ताई ओरडल्या.

मी शिडीकडे धावलो आणि मध्येच थांबलो. सगळी गल्ली लाल, पण शेवटचा ठिपका हिरवा. मोरेकाकांचा!

"ताई, तार तुटली तर शेवटचं घर सगळ्यात आधी जायला पाहिजे. इथं तेच तेवढं चालू आहे."

ताईंनी चष्मा लावून बघितलं. "आन् फोन? कुणाची तक्रार?"

एकही नाही. मॅच चालू, नेट बंद, आणि एकही तक्रार नाही! इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

ताईंनी स्कूटी काढली. मागे मी, माझ्या खांद्यावर शिडी. गल्लीत शिरलो तर आमची तार जागच्या जागी, जशीच्या तशी. आणि अख्खी गल्ली आपापल्या पायऱ्यांवर येऊन बसलेली. कोणी शेंगा खात होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. एकानं मला हळूच विचारलं, "स्कोअर काय झाला हो?"

सुमनमावशी पहिल्याच पायरीवर होत्या. मी विचारलं, "मावशी, नेट गेलंय का तुमचं?"

"नाय. काढून ठिवलंय." त्यांनी मांडीवरचा नेटच्या डब्याचा प्लग दाखवला.

"का?"

मावशींनी मान वळवली. गल्लीच्या टोकाला मोरेकाकांची खिडकी उघडी होती. आत दिव्याखाली काका-काकू स्क्रीनसमोर बसले होते. काकूंचे हात नुसते उडत होते. मध्येच त्या थांबल्या, स्क्रीनकडे बघितलं, आणि खळखळून हसल्या.

 सवयीनं ताई मोठ्यानं बोलायला गेल्या, "अवो मावशी, तुमी तर..."

मावशींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"हळू. शेवटच्या घराचं भरायलंय अजून."