पदराच्या गाठीतले पाच दाणे

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला एक मस्ती चढते. मला चढली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी कीव करायची पाळी तुमच्यावर यायला नको.

माझं माहेर खानापूरकडचं, शाळा मराठी. लग्न होऊन आले ती गणेशगुडीच्या आत, रानातल्या चार घरांच्या वाडीत. इथं घरात सगळे मराठी बोलतात, पण शिकलेत ते कन्नड शाळेत. त्यामुळं घरात मराठी वाचता येणारी मी एकटीच. नवरा आणि थोरले दीर कन्नड पेपर वाचायचे. थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायची, तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं. शाळेच्या वयात तिनं बापाची गुरं राखली होती. मी पुस्तक काढलं की ती म्हणायची, "कागदात तोंड घालून बसायला तू काय शेळी हायस काय गं?"

रामनगरच्या बाजारात एक म्हातारा जुनी पुस्तकं पोत्यावर मांडून बसायचा. त्याच्याकडनं मी एक जाड कादंबरी आणली. वरचं कव्हर गेलेलं, पहिली दोन पानंही गेलेली. कुणी लिहिली, नाव काय, मला आजही ठाऊक नाही. कुठल्याशा लहान गावातल्या एका बाईची गोष्ट होती. सासू, नवरा, एक मुलगी, आणि दिवसभराचं काम. बस्स.

भिरंडं फोडायचे दिवस होते. कोकमाच्या फळाला आम्ही भिरंड म्हणतो. दुपारी पडवीत टोपल्या घेऊन बसायचं, फळ फोडायचं, गर वेगळा, साल वेगळं. हात कोपरापर्यंत लाल होतात आणि तोंडाला मात्र काही काम नसतं. एक दिवस अक्का कंटाळून म्हणाली, "मोठ्यानं वाच तरी. बघू दे काय एवढं ठेवलंय त्यात."

मी वाचलं. दोन पानं झाली आणि मी पुस्तक मिटून कामाला लागायला बघते तर ही म्हणते, "थांबलीस का? ती दार उघडायला गेली न्हवं? कोण आलंय दारात?" त्या दिवसापासून माझ्या वाट्याची भिरंडं तीच फोडायला लागली. मी वाचायचं, तिनं फोडायचं, असा सौदा. मला काय, सोन्याहून पिवळं!

दुसऱ्या दिवशी बसताना तिनं देवाजवळच्या डब्यातून तांदळाचे पाच दाणे आणले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. तिच्या माहेरची रीत. श्रावणात कहाणी ऐकताना मुठीत तांदूळ धरायचे आणि कहाणी संपली की देवापुढं ठेवायचे. मधेच उठावं लागलं तर दाणे खाली टाकायचे नाहीत, पदराला बांधायचे. अर्धी कहाणी जमिनीला लावू नये म्हणतात. मला हसूच आलं.

"अक्का, ही कहाणी नव्हं गं, कादंबरी."

"पुस्तकात हाय न्हवं? मग कहाणीच. तू वाच."

रोज अंघोळीनंतर जुन्या लुगड्याची गाठ सोडून ते पाच दाणे ती नव्या पदराला बांधायची. गोठ्यात शेण काढताना विचारायची, "त्या सासूला काय धाड भरलीय गं? एवढी चांगली सून हाय." एकदा तर चुलीवर भात करपला. दीर ओरडले तर म्हणाली, "तिकडं तिचं पोर तापानं फणफणलंय, तुम्हाला भाताचं पडलंय!" दीर बिचारे शेजारच्या घरात कुणाचं पोर आजारी आहे ते विचारायला निघाले होते.

पण एका दुपारी तिचं हसणं थांबलं. गोष्टीतली बाई सगळ्यांना वाढायच्या आधी चुलीपुढं एकटीच बसून तव्यावरची पहिली गरम भाकरी मिठाबरोबर खाते आणि घाईघाईनं तोंड पुसते, असं एक पान होतं. अक्काच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"ह्या लिवणाऱ्याला कसं कळलं?"

"काय?"

"मी बी खाते. लग्न झाल्यापासनं खाते. पंधरा वर्षं झाली, मला वाटायचं मीच एकटी चोर." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग स्वतःच म्हणाली, "एकटी न्हाई गं मी."

मी एवढी पुस्तकं वाचली, पण पुस्तक म्हणजे काय हे मला अक्कानं सांगितलं. आपल्या आतलं जे आपण कुणाला दाखवत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी आत आहे आणि त्या माणसानं ते पार कसं नेलं, एवढं कळायला माणूस पुस्तक उघडतं. हे कळलं असूनही मी पुढं जे केलं ते केलं.

श्रावणात अक्काचं पोट दुखायला लागलं. आधी घरचं औषध, मग दांडेलीचा दवाखाना, मग बेळगाव. डॉक्टरांनी थोरल्या दिरांना बाजूला घेऊन सांगितलं. दिरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं मला. जिचं पोट होतं तिला सोडून सगळ्यांना ठाऊक झालं. तिला सांगितलं की गाठ हाय, गोळ्यांनी विरघळेल. आमच्यात असंच करतात. जाणाऱ्याला सांगायचं नाही, शेवटपर्यंत 'बरी होशील' म्हणत राहायचं. त्यालाच माया म्हणतात.

तिला कळलं नसेल? एवढी गुरं राखलेली बाई, जनावराच्या डोळ्यात बघून सांगायची हे वाचतंय की जातंय. पण आम्ही हसून बोलायचो म्हणून तीही हसून बोलायची.

आणि नेमकं त्याच वेळी कादंबरीतली बाई आजारी पडली.

मला दम कुठला! मी एकटी बसून पुढची सगळी पानं वाचून टाकली. ती बाई मरते. पण त्याआधी तिला कळतं आणि ती कुणावर चिडत नाही. मुलीला जवळ बसवते आणि सरळ सांगते, मी जाणार आहे. मग चार पानं नुसतं तेच आहे, ती मुलीला काय काय सांगते ते. मोठं ज्ञान काही नाही. न्हाणं आलं की घाबरू नको, कुणाला सांगायचं. राग आला की जेवण टाकू नको. माझी आठवण आली आणि रडायला आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नको. असलंच सगळं. वाचून मी गोठ्यात जाऊन रडले.

अक्कालाही एकच मुलगी होती, बारा वर्षांची. दांडेलीला हॉस्टेलवर राहून शिकत होती.

मी ठरवलं, हे वाचायचं नाही. कुणाला विचारलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी मी. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून डोळ्यांपुढं धरलं आणि मनचं बोलत गेले. मोठा डॉक्टर आला, त्यानं नवं औषध दिलं, बाई उठून बसली, अंगणात फिरायला लागली, मुलीचं लग्न झालं, नातू झाला. किती गोड बोलत होते मी! मधे मधे पान उलटत होते. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "संपली गं अक्का. सगळं चांगलं झालं बघ."

ती उशीला टेकून बसली होती. माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघत म्हणाली, "एवढी पानं राहिली की अजून."

"ती दुसरी हायत. दुसऱ्या पुस्तकांची जाहिरात."

"व्हय?" म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. वाचली."

संध्याकाळी मी नवऱ्याला फुशारकीनं सांगितलं, बघा, कसं निभावून नेलं ते. तोही म्हणाला, बरं केलंस. अक्कानं पदरातले दाणे देवापुढं ठेवले की नाही हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला मुलगी घरी आली. अक्का तोपर्यंत अगदी वाळली होती, पण रोज सकाळी पोरीला पुढ्यात घेऊन वेणी घालायची. एवढी हळू, एवढा वेळ. मी आत स्वयंपाकघरातून ऐकायची. अक्का म्हणायची, "ऐक की बाय..." पोर म्हणायची, "काय गं आई?" मग बराच वेळ काहीच नाही. मग अक्का म्हणायची, "काय न्हाई. तेल जास्त झालं." दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. तिला सुरुवात सापडत नव्हती. ज्या घरात सगळ्यांनी खोटं धरून ठेवलंय, तिथं एकटीनं खरं कुठून काढायचं? एका दुपारी मी तिला पेज पाजायला बसले, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"ते शेवटचं एकदा परत वाच की."

मी पुस्तक आणलं. तेच गोड सगळं परत म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर तिनं विचारलं, "आणि पोरीला काय म्हणाली गं ती? आजारी होती तवा?"

ती चार पानं माझ्या अंगठ्याखाली होती. खरंच सांगते, अंगठ्याखाली. नुसतं उलटायचं होतं.

मी म्हटलं, "बरी झाली न्हवं ती! मग काय म्हणायचंय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता. आमची गाय विहिरीत पडली तेव्हा वर बघत होती, तसं. मग तोंड भिंतीकडं वळवून म्हणाली, "व्हय. बरी झाली की." पुस्तकाचं नाव तिनं परत काढलं नाही. मला वाटलं दमली असेल.

सुट्टी संपली, मुलगी हॉस्टेलला गेली. परीक्षा आहे, उगाच पोरीच्या मनावर नको, असं आम्ही मोठी माणसं ठरवत होतो. आमची ठरवायची हौस फिटत नव्हती. नंतर दोन आठवड्यांनी अक्का गेली. पोर दुपारच्या बसनं आली आणि अंगणातली माणसं बघून वाटेतच उभी राहिली. तिला हाताला धरून मीच आत आणलं.

अक्काला शेवटची अंघोळ घालताना पदराची गाठ माझ्या हाताला लागली. सोडली. आत तांदळाचे पाच दाणे. एवढ्या दुखण्यात, रोज लुगडं बदलताना, तिनं ते एका पदरातून दुसऱ्या पदरात नेले होते. तिच्या लेखी कहाणी संपलीच नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी काय केलं ते तिनं पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तरी मला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्यांदा तिनं मागितलं ते मला एक संधी म्हणून. मी ती पण घालवली. बायका म्हणत होत्या, किती रडतीय जाऊसाठी, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त.

दाणे मी कुंकवाच्या डबीत घालून ठेवले. पुस्तक ट्रंकेच्या तळाला.

आता ती मुलगी मोठी झाली, धारवाडला नर्सिंग शिकते. परवा सुट्टीला आली होती. तिला तिथं म्हातारी माणसं सांभाळायला देतात. पडवीत बसून बोलता बोलता म्हणाली, "काकी, जाणारी माणसं शेवटी काहीतरी बोलतात गं. कायबी असंना, बोलतात. आई मला एक शब्द बोलली न्हाई. तेल जास्त झालं म्हणाली. मी तिची एवढी बी न्हवते काय?"

अगं माझ्या बाई! एवढी वर्षं हे पोर असं समजून जगत होतं.

मी उठले, ट्रंक उघडली. पुस्तक आणलं, डबी आणली. पाच दाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हटलं, "मुठीत धर. तुझ्या आईचे हायत." आणि ती चार पानं वाचली. एक अक्षर सोडलं नाही. मी जाणार आहे इथपासून, रडायला आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नको इथपर्यंत. पोर ऐकताना एकदाही हलली नाही.

संपल्यावर तिनं विचारलं, "आईला हे वाचलं व्हतंस?"

खोटं बोलायला एवढं सोपं होतं. सवय पण होती.

"न्हाई," मी म्हटलं. "तिनं दोनदा विचारलं. मी न्हाई वाचलं."

मग सगळं सांगितलं. तिला सुरुवात सापडत नव्हती ते, पोरीच्या पाठीमागं बसून ती रोज प्रयत्न करायची ते. "तुला सांगायचं होतं गं तिला. मी तिला शब्द दिले न्हाईत." मी देवाजवळच्या ताटलीकडं बोट दाखवलं. कहाणी संपली होती, रीतीप्रमाणं दाणे तिथं ठेवायचे होते.

ती उठली. देवाकडं गेली नाही. ओढणीचं टोक घेतलं, पाच दाणे त्यात ठेवले आणि गाठ मारली. दातानं ओढून घट्ट केली. मग बॅग उचलून, मला न सांगता, तीनच्या बसला गेली.

अजून तिचा फोन आलेला नाही.