सहा सह्या

नेटमध्ये एकदा मी लागोपाठ दोन यॉर्कर टाकून मधली दांडी उडवली आणि कौतुकाच्या आशेने मिसकडे पाहिलं. मिस हातातल्या फाइलमध्ये बघत म्हणाल्या, "चांगला होता. सायन्सची सही कुठंय?" असं कौतुक करणारी बाई मला दुसरी भेटली नाही, आणि खरं सांगायचं तर भेटूही नये.

मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, आमच्या हायस्कूलचा स्पोर्ट्स प्रोग्रॅम मिस सांभाळायच्या. नियम साधा होता. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक खेळाडूने सहाही विषयांच्या शिक्षकांकडून पत्रकावर सही आणायची : हजेरी ठीक, सगळं काम जमा. एक सही कमी, तर शनिवारी मॅच नाही. बरं, मिस नुसत्या सहीवरही विश्वास ठेवायच्या नाहीत. पोर्टलवर जमा केलेली प्रत्येक फाइल स्वतः उघडून बघायच्या. फुटीच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, टीममधल्या दांडगट पोरांनीसुद्धा त्यांच्या धाकाने इतिहासाचे निबंध लिहिलेत.

मिस नागपूरच्या. शाळेत असताना कबड्डीत राज्यापर्यंत पोचलेल्या. "खेळाडू आहे, करा पास," म्हणत मास्तरांनी त्यांना दरवर्षी वरच्या वर्गात ढकललं. मग गुडघा गेला, आणि कॉलेजात फळ्यावरचं काही म्हणजे काही कळेना. बाविसाव्या वर्षी, आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून त्यांनी बारावीचं गणित पहिल्यापासून केलं. "आमच्या वस्तीतली पोरं विहाराच्या ओसरीवर बसून घासून अभ्यास करायची," त्या सांगायच्या. "मी तेव्हा मैदानावर. मला फुकट पास करणाऱ्यांना वाटायचं, उपकार करतोय. लुटलं गं त्यांनी मला."

लॉकडाऊन लागला, मॅच बंद पडल्या. चला, पत्रकाची पीडा टळली, असं आम्हाला वाटलं. पहिल्याच ऑनलाइन मीटिंगला मिस म्हणाल्या, "मॅच बंद आहेत. पत्रक बंद नाही." मी तेव्हा इयर नाइनमध्ये होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सकाळी लॉगिन करून हजेरी लावायची, कॅमेरा बंद करायचा, आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने स्टंप काढून बोलिंग करत सुटायचं. बाबा वेअरहाउसच्या शिफ्टला, आई एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला, तीही डबल शिफ्टला. विचारणारं कोण होतं? सहा आठवड्यांत गणिताची पाच कामं थकली.

एक दिवस गॅरेजचं शटर वर केलं तर ड्राइव्हवेवर मिस, मास्क लावून, हातात छापील गणितं. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच जायची मुभा होती, आणि त्यांचं घर त्या हद्दीत होतं. व्यायामाला जो एक तास बाहेर पडता यायचं, तो त्यांनी माझ्यावर घालवायचं ठरवलं होतं. आईने एकदा हळूच विषय काढला, "मिस, पोरगी आपलीच आहे. आत्ता कोण बघतंय? करा ना काहीतरी तिच्यासाठी."

"तेच तर करून राहिले ताई," मिस म्हणाल्या. "रोज दीड किलोमीटर चालून येते." आई पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

शाळा उघडल्या आणि राज्याच्या मुलींच्या संघासाठी निवड सामना जाहीर झाला. आठ वर्षांची असल्यापासून मी याच एका दिवसासाठी धावत होते. माझ्याकडे पाच सह्या होत्या. गणिताचं शेवटचं काम मी मिससमोर बसून पूर्ण केलं. त्यांनी वही हातात घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत तपासली. मी आईच्या फोनवरून फोटो पोर्टलवर टाकला, मिसच्या शब्दावर सरांनी सही केली, आणि मी चार विकेट काढल्या. यादीत नाव आलं. आईने कामावर सगळ्यांना पेढे दिले.

मंगळवारी गणिताच्या सरांची ईमेल आली, हसऱ्या चेहऱ्यासकट. मी पाठवलेला फोटो गणिताचा नव्हताच. आईच्या शिफ्टचं रोस्टर होतं ते, फ्रिजवर लावलेलं. घाईत बोट शेजारच्या फोटोवर पडलं होतं. सर म्हणाले, नो वरीज, आता पाठव. पण मिसनी हयातीत एकच फाइल उघडून बघितली नव्हती, ती नेमकी माझी, कारण वही त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी त्याच दिवशी निवड समितीला लिहिलं : काम मुदतीत जमा नव्हतं, विद्यार्थिनी पात्र नव्हती, चूक माझी. माझं नाव कापलं गेलं.

हे सांगायला त्या स्वतः घरी आल्या.

"काम झालं होतं. तुम्ही पाहिलं होतं," मी ओरडले.

"पाहिलं होतं. जमा नव्हतं. दुसऱ्या कोणाचं पत्रक असतं तर मी खेळू दिलं नसतं."

मी जाळीचं दार त्यांच्या तोंडावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई पुन्हा हजर. जाळीबाहेर उभं राहून मोठ्याने गणित वाचायचं, स्वतःच सोडवायचं, "उद्या येते," म्हणून जायचं. मी आत सोफ्यावर पाय पसरून मुद्दाम टीव्ही मोठा करायचे. चौथ्या दिवशी त्यांनी समीकरणातला मायनस खाल्ला आणि तशाच पुढे निघाल्या. मला राहवेना.

"अहो मिस, मायनस राहिला," मी आतून म्हणाले.

"कुठे?" त्यांना खरंच दिसत नव्हता.

दाखवायला म्हणून मी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजून लाल झालेले होते. चार दिवस ही बाईही रडत होती, आणि तरी रोज चार वाजता येत होती. मला माझी फार लाज वाटली. त्या दिवशी आम्ही पायरीवर बसून अकरा गणितं केली.

पुढच्या वर्षी मिसच्या नवऱ्याला कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरी लागली. कालगुर्ली देशाच्या दुसऱ्या टोकाला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, आणि कोरोनामुळे त्या राज्याची हद्द बंद होती. परवानगी आली तेव्हा चार दिवसांत निघावं लागलं. निरोपालाही त्यांनी दीड मीटर अंतर पाळलं. मी मात्र घरी येऊन ढसाढसा रडले. त्यांच्याइतका राग मला कोणाचा आला नव्हता, आणि त्यांच्याइतकी मायाही मी घराबाहेर कोणावर केली नव्हती.

निवड सामना पुन्हा आला तेव्हा पत्रक तपासणारं कोणी उरलं नव्हतं. नवा कोऑर्डिनेटर "यू आर राइट, मेट," म्हणजे चालतंय गं, काही नको, असं म्हणून मोकळा झाला. तरी मी सहा शिक्षकांच्या मागे फिरून सहा सह्या घेतल्या, सहाही फाइली उघडून पाहिल्या, आणि सामन्याच्या सकाळी पत्रकाचा फोटो कालगुर्लीला पाठवला. आज तरी शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. दोन मिनिटांत उत्तर आलं : "इंग्रजीच्या सहीखाली तारीख नाही."

बाहेर टीमची बस सुरू झाली होती. मी किटबॅग तिथेच टाकली, धावत स्टाफरूममध्ये गेले, इंग्रजीच्या मॅडमकडून तारीख लिहून घेतली, आणि मगच बसमध्ये चढले.