धडधाकट हाताचं प्लास्टर

आता चहा घेताच आहात, तर माझी फजितीही ऐकून घ्या. तुम्हीही हसाल, मलाही जरा हलकं वाटेल.

सडक अर्जुनीत माझा दवाखाना. बायको सुनीता लेकीच्या शिक्षणासाठी नागपुरात. सहा वर्षं झाली! रोज संध्याकाळी फोन. "जेवलात?" "जेवलो." संपलं! तिची किती आठवण येते, ते या तोंडातून निघेल तर शपथ.

एक दिवस विमा एजंट बिसेनभाऊ आला.

"साहेब, अपंगत्वाचा विमा काढून टाका. हात गेला तरी टेन्शन नाही!"

दोन पॉलिसी. स्वस्त पॉलिसीत कुठलंच काम जमेनासं झालं, तरच पैसे. महागडीत नुसती डॉक्टरकी थांबली, तरी पैसे. कोणती घ्यावी? शहाण्याने कुणाला तरी विचारलं असतं. मी म्हटलं, प्रयोग करू! उजवा हात एक दिवस प्लास्टरमध्ये घालायचा, काय काय अडतं ते बघायचं.

आमच्या जुन्या नर्स मेश्राममावशी बघतच राहिल्या. "साहेब, बऱ्या हाताले प्लास्टर कायले?"

"विमा निवडायचाय."

"डोस्कं तर बरं आहे ना?"

पण घातलं त्यांनी. डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी औषधवाल्याने परत पाठवली. (तशी उजव्या हाताचीही पाठवतो म्हणा!) दुपारपर्यंत बाजारात बातमी, डॉक्टरचा हात मोडला. हायवेवरच्या धाब्यांपर्यंत जाता जाता मला ट्रकने उडवलंसुद्धा!

बातमी नागपुरातही पोचली आणि चार वाजता दारात कोण? सुनीता! लेकीला बहिणीकडे सोडून, मिळेल त्या बसने आलेली.

"मले काऊन नाही सांगितलं?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

खरं सांगतो, मी कबूल करणारच होतो. पण तिने वरणभात कालवला, घास पुढे केला. सहा वर्षांनी हो! तोंड उघडलं ते घासासाठीच.

तेवढ्यात बिसेनभाऊ टपकला. "अरे बाप रे! ये कब हुआ?"

सुनीताने ट्रकसकट सगळं सांगितलं. मी काय करणार? "आई गं" म्हणून कण्हलो. त्याने सगळं डायरीत टिपून घेतलं.

एका दिवसाचं प्लास्टर तीन दिवस राहिलं. घरात तिच्या बांगड्या वाजत होत्या, मला दुसरं काही नको होतं.

चौथ्या दिवशी तिने बॅग भरली. बसची वेळ झाली. ती उंबऱ्याशी गेली. काही कळायच्या आत मी ती जड बॅग उचलून आत आणली.

उजव्या हाताने!

तिने बॅगेकडे बघितलं. मग हाताकडे.

"दुखून नाही राहिला?"

"मोडलाच नाही," मी म्हटलं. "तू येत नव्हतीस ना."

"अन् एकदा 'ये' म्हणायले तोंड नव्हतं तुम्हाले?"

"नव्हतं."

ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. ती बस सोडली. संध्याकाळची मात्र पकडली. लेकीची परीक्षा होती.

पॉलिसी घेतली, महागडी. त्यात अट काय? उजवा हात वगळून! मी बिसेनभाऊला लाख सांगितलं, हात मोडलाच नव्हता. तो म्हणतो, "साहेब, मैंने अपनी आँखों से देखा है."

डावा हात मात्र विम्यात आहे. सुनीताची फारच आठवण आली की मी त्याच्याकडे बघत बसतो आणि मेश्राममावशी उठून प्लास्टरच्या कपाटाला कुलूप लावतात.