शिंगं रंगवलेली शाळा

पुसेगावजवळच्या तांड्यात कुणाला बैल घ्यायचा असला, की प्रेमदास राठोडला सोबत न्यावंच लागे. दात काय, कुणीही बघतो. प्रेमदास बसलेलं जनावर उठताना बघायचा. शिंगं साळून रंग दिलेला बैल दिसला, की तो लांब जाऊन तंबाखू मळत उभा राही. “शिंगाला रंग हाय म्हंजी खुरात खोड हाय,” एवढंच म्हणे. आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. आता बैलांचे तांडे गेले, पण पारख आपल्याकडे उरली, असं तो मानायचा. तांडाही मानायचा.

त्याची निलम सातवी पास झाली तेव्हा हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती. कचेऱ्या अजून यायच्या होत्या, पाट्या मात्र आल्या होत्या. त्यातलीच एक नव्या खाजगी हायस्कूलची होती.

निलमला कशाचंही ‘काहून’ लागे. चंद्र दिवसा काहून दिसतो, देवीला बोकडच काहून आवडतो, भोपळा काहून आवडत न्हाई. त्याच्या बायकोचं, मोतीबाईचं म्हणणं, पोरीला पुसेगावच्या हायस्कुलात घाला. तिथले सर पोरांनी काही विचारलं तर घंटा झाली तरी सांगत बसतात, उठत नाहीत. प्रेमदास जाऊन आला. पत्रे गळके, भिंतीचे पोपडे निघालेले, हेडमास्तरांच्या चपलेला खिळा. असल्या ठिकाणी बैलसुद्धा बांधू नये, असं त्याचं मत झालं.

मग तो हिंगोलीला गेला. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते, सोनेरी रंगाचे. सिंहांना शिंगं नसतात, म्हणून असेल, प्रेमदासला काही खटकलं नाही. संस्थाचालक भागवतराव आदल्या सालापर्यंत वीटभट्टी चालवत. आता टायपिनच्या जागी सरस्वती लावून फिरत. त्यांनी स्वतः त्याला वर्ग दाखवला. ते दारात आले आणि साठ पोरं एका झटक्यात उभी राहिली. एकाचाही पाय लटपटला नाही. प्रेमदासची पारख तिथंच खूश झाली. सौदा पक्का.

निलम टाय लावून बसनं जाऊ लागली. दिवाळीपर्यंत तिचं ‘काहून’ बंद पडलं. पोरगी शहाणी झाली, असं तांडा म्हणू लागला. प्रेमदासला मात्र करमेना. रवंथ थांबलेलं जनावर त्यानं कधी निरोगी म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी दिवे गेले. तो तिच्या ‘काहून’ची वाट बघत बसला. शेवटी त्यानंच विचारलं, “लाईट काहून गेली, इच्यारलं न्हाईस?”

निलम एका झटक्यात उभी राहिली. हात मांड्यांना चिकटलेले. “माहीत नाही, सर,” ती म्हणाली.

मार खाल्लेलं जनावर असंच उठतं, काठी उचलायच्या आत. बाजारात हे त्यानं शंभरांना सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात निलम पुसेगावच्या गळक्या पत्र्यांखाली बसली. तांड्याला त्यानं सांगितलं, पोरीला बस लागते, रोज ओकायची. शाळा फसवी निघाली म्हणावं, तर उद्या बैल बघायला त्याला कोण नेणार?

जूनमध्ये शेजारचा देविदास आपल्या पोराला घेऊन आला. चार माणसं ओट्यावर जमली. कोणती शाळा धरावी, त्यानं विचारलं. प्रेमदासनं तंबाखू मळली. हिंगोलीचीच बराबर आहे, म्हणाला. पोरं कशी उठतात ते एकदा बघून ये.

मोतीबाई चुलीपाशीच पुटपुटली, “रंगवलेला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधा आता.”

ओट्यावर ते फक्त प्रेमदासला ऐकू गेलं. त्यानं मान वळवली नाही. पण उंबऱ्यावर पाय सोडून बसलेली निलम वाकून पुढं झाली. उभी मात्र राहिली नाही.

“बापू, शाळा चांगली व्हती, तर मला काहून काढलं?”

तांड्याला सांगितलेलं कारण त्यानं आठवून पाहिलं. “बस लागायची न्हवं तुला,” तो म्हणाला.

“मी कधी ओकले?”

ओट्यावरची चार माणसं प्रेमदासकडे बघू लागली, तो बसलेला बैल बघायचा तशी, आता हा कसा उठतो म्हणून.