सुरुवातच कापली की हो!

मंडळी, आज दुपारपासून डोकं फिरलंय माझं.

माझे वडील, आप्पा, कवठे महांकाळमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्या सुरुवातीला कुंचल्यानं काढलेली नावं यायची, आणि प्रत्येक अक्षराची शेपूट धुरासारखी वर जायची. नावं सुरू झाली की आप्पा टीव्हीच्या काचेवर बटर पेपर धरून पेन्सिल चालवायचे. मागून अख्खी गल्ली ओरडायची, "आवं आप्पा, डोस्कं बाजूला घ्या की!" आठवड्याला जेमतेम एखादं अक्षर हाती लागायचं. नावं संपली की ते उठून अंगणात गिरवत बसायचे. पुढं गिरणीपासून सलूनपर्यंत सगळ्या पाट्यांना तीच शेपूट! आता तिथं सगळीकडे फ्लेक्स आलेत.

आज ती मालिका मला इंटरनेटवर सापडली. आप्पांना चष्मा दिला, समोर बसवलं. लावली, तर थेट सासू-सुनेचं भांडण! पुढचे भागही तसेच. टाकणाऱ्यानं खाली ऐटीत लिहिलंय, "तुमचा वेळ वाचावा म्हणून सुरुवातीची नावं कापली आहेत."

अरे बाबा, तुला कुणी सांगितलं होतं आमचा वेळ वाचवायला?

आप्पा म्हणाले, "गोष्ट ऱ्हाऊ दे रं. नावं लाव."

काय लावू?

मालिकेचं नाव कमेंटमध्ये टाकतोय. कुणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट पडली असेल तर बघा ना. आमच्या आप्पांना ती सून शेवटी नांदली की नाही, हे आजही माहीत नाही. गोष्ट कापून पाठवलीत तरी चालेल.