टायरवरचं खोबरेल

नवऱ्याच्या सायकलचे टायर मी निवडले, यावरून आमच्या इमारतीत बऱ्याच जणांनी हसून घेतलं. हसू देत बापडे. ज्याला भीती वाटते त्यानेच टायर निवडावेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आमच्या घरात घाबरण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

मागल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, चाला, सायकल चालवा, मन प्रसन्न ठेवा. नुसतं चालायचा याला कंटाळा. मग ती जाड चाकांची, डोंगरात न्यायची सायकल घरी आली. आठवडाभर आडगाव नाक्यावरून द्वारका ओलांडून नाशिक रोडच्या ऑफिसला आणि रविवारी चामरलेणीच्या पायथ्याला कच्च्या वाटांवर. द्वारकेच्या चौकात एसटी, ट्रक, रिक्षा, दुचाक्या सगळ्यांनाच आधी जायचं असतं. हृदय सांभाळायला निघालेला माणूस तिथे ट्रकखाली यायचा, हाच विचार रोज सकाळी माझ्या डोक्यात. तो पोचल्याचा फोन आल्याशिवाय मी चहाला हात लावत नसे.

सायकलबरोबर आलेल्या टायरवर रबराच्या मोठाल्या गाठी होत्या. चिखलात, मुरमावर त्या छान रुततात. डांबरावर मात्र सगळी सायकल त्या गाठींच्या टोकांवर उभी असते, घरघर आवाज करते आणि रस्ता ओला असला की पकड सोडते. एका पावसाळी सकाळी चौकाच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. पडला नाही. संध्याकाळी घरी येऊन हसत म्हणाला, "अगं, जराशी नाचली." तेव्हापासून मी टायरच्या मागे लागले.

जुन्या नाशकातल्या सायकलच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाले, "भाभी, साहेबांनाच घेऊन या ना. कुठे चालवायची ते त्यांना विचारतो."

"साहेब पडणार, उचलणार मी. तेव्हा मलाच विचारा," मी म्हटलं.

मग त्यांनी स्टूल पुढे केलं. त्यांनी आधी दाखवलेला गुळगुळीत टायर डांबरावर उत्तम, पण रविवारी मुरमाच्या उतारावर तो माणसाला थेट खाली पोचवणार. अरुंद घेतला तर प्रत्येक खड्डा मनगटात जाणार, फार रुंद घेतला तर रोज ऑफिसला जाताना छाती भरून येणार, आणि आमच्याकडे छातीचाच प्रश्न. शेवटी मधल्या रुंदीचे घेतले. मधोमध बुटक्या गाठींची जवळजवळ सलग पट्टी, म्हणजे डांबरावर रबर पुरेसं टेकतं, आणि कडेला मोठ्या गाठी, म्हणजे कच्च्या वाटेवर वळताना पकड मिळते. पुढच्या चाकाचा टायर थोडा जास्त खरबरीत घेतला. मागचं चाक सरकलं तर माणूस एखादवेळी सावरतो, पुढचं सरकलं की तोंडावरच येतो. हे मला कुणी शिकवलं नाही, भीतीनेच सुचलं.

टायर आले आणि त्यांच्यामागून माझे नियम आले. रस्त्यासाठी हवा घट्ट, रविवारी थोडी कमी, आणि रोज निघण्याआधी मी अंगठ्याने दोन्ही टायर दाबून बघणार. हेल्मेटशिवाय जायचं नाही. सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही, कुणाचाही नाही, माझासुद्धा नाही. या शेवटच्या नियमाची तर मी शपथच घातली होती.

मी टायर दाबत असताना सासूबाई वर गॅलरीत उभ्या राहून बघत असत. त्या मूळच्या मालेगावच्या, बोलणं अहिराणी, सासऱ्यांचे यंत्रमाग होते. मुलाच्या सायकलबद्दल त्यांनी कधी अक्षर काढलं नाही. मला वाटायचं, सुनेचा वेडेपणा बघताहेत आणि मनातल्या मनात हसताहेत.

दसऱ्याला सायकल धुतली, पुसली. मी श्रीखंडाच्या गडबडीत होते. खाली पार्किंगमध्ये सासूबाईंनीच तिची पूजा केली, हळद-कुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही हा त्यांच्याकडचा रिवाज, म्हणून सायकल जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगठा लावायला वाकले तर वरून म्हणाल्या, "आज राहू दे. कुंकू पुसाई जाई." मी हात मागे घेतला. तो निघून गेला.

थोड्या वेळाने केसांना लावायला खोबरेल तेलाची बाटली उचलली तर ती रिकामी. शेजारी एक फडकं, काळंकुट्ट झालेलं. नाकाशी धरलं. खोबरेल आणि रबर.

"आई, हे कशाला वापरलं?"

"चाकले," त्या म्हणाल्या. "दोन्ही चाकले चांगलं तेल लाई दिधं. कोरडं हत्यार पुजतस का कोनी?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मालेगावात दरवर्षी माग असाच पुजला जायचा. आधी तेल, मग फूल. धोट्यापासून चाकापर्यंत सगळं तेलाने चकचकीत करायचं, म्हणजे वर्षभर विनाविघ्न चालतं. त्यांनी मुलाचं वाहनही तसंच सुरक्षित केलं होतं.

मी ओरडलेच, "अहो आई, घसरेल ना तो!"

त्यांचा चेहरा मी पाहिला आणि ओरडल्याचं वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो उचलणार नाही हे मला माहीत होतं, शपथ माझीच होती. स्कूटीची किल्ली घेतली तर सासूबाई चपला घालून माझ्या आधी जिन्यात. "मी बी येस," एवढंच म्हणाल्या.

रस्त्यावर सणाचा कचरा होता, झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं. पुढे कुठेही गर्दी दिसली की मी स्कूटी हळू करून त्यात सायकल शोधायचे. एका ठिकाणी माणसं गोळा झाली होती. तिथे नुसती रिक्षा बंद पडलेली. सासूबाईंनी मला कमरेला इतकं घट्ट धरलं होतं की त्यांची बोटं रुतत होती. सिग्नलला थांबले तेव्हा मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

द्वारकेच्या अलीकडे, सर्व्हिस रोडच्या कडेला तो दिसला. सायकल उलटी करून ठेवलेली, हा उकिडवा बसून मुठीमुठीने माती घेऊन टायरला चोळतोय. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर खरचटलेलं. जिवंत. मी स्कूटीवर तशीच बसून राहिले.

त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्यामागून उतरणाऱ्या आईला. हातातली माती पटकन टाकली. तिथल्याच वळणावर तो घसरला होता, आणि वास आल्याबरोबर हात कुणाचा ते त्याला कळलं होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. आईला मात्र तो हसून म्हणाला, "काही नाही गं, पंक्चर झालं."

सासूबाई वाकल्या. मी रोज दाबते तसाच, अगदी तसाच, त्यांनी टायरवर अंगठा दाबला. पुढचा दाबला, मग मागचा. दोन्ही दगडासारखे घट्ट होते.

"पंक्चर नही शे," त्या म्हणाल्या.

त्यांनी नव्या लुगड्याचा पदर ओढून घेतला आणि पुढचं चाक पुसायला बसल्या. तो "आई, राहू दे, आई" म्हणत राहिला, पण त्या थांबल्या नाहीत. पदर काळा होत गेला. शेवटी मी माझी ओढणी घेऊन मागच्या चाकाशी बसले. बाजूने गाड्या जात होत्या. आम्ही दोघी रडत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

घरी आल्यावर भांड्यांच्या साबणाने दोन्ही टायर पुन्हा घासले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर सासूबाई आधीच सायकलजवळ उभ्या. मी पुढच्या चाकाला अंगठा लावला. त्यांनी मागच्या. मग तो गेला, आणि त्याचा फोन येईपर्यंत ओट्यावर दोघींचा चहा निवत राहिला.